आंघोळीनंतर कॉकरच्या पाठीवर लाटा का उठतात?

वेंगुर्ल्याहून एका तरुणाने विचारलंय: "ताई, माझ्याकडे चौदा महिन्यांचा सोनेरी इंग्लिश कॉकर स्पॅनियल आहे. जानेवारीत कोल्हापूरला त्याचा पहिला शो. आंघोळ घातली की दोन तासांत पाठीवरचे केस लाटांसारखे उठतात, शेपटीजवळ तर चक्क कुरळे होतात. शाम्पू तीन बदलले, माणसांचा कंडिशनर लावला, खोबरेल लावून पाहिलं. पुण्याच्या ब्रीडरकडे याचा सख्खा भाऊ आहे, त्याची पाठ आरशासारखी. कुठलं सीरम वापरू?"

सीरम कुठलंच नको. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे निदान तेवढे पैसे वाचतील. तुमच्या पत्रात शाम्पू आणि कंडिशनरवर दहा ओळी आहेत आणि वाळवण्यावर एकच: "मग पडवीत पंख्याखाली बसवतो, आपोआप सुकतो." तो आपोआप सुकतो तिथेच सगळं बिघडतं. रत्नागिरीत बावीस वर्षं मी हेच काम करतेय. माझ्याकडे केसांची तक्रार घेऊन येणाऱ्या दहातल्या आठांचं दुखणं वाळवण्यात असतं आणि औषध ते शाम्पूच्या बाटलीत शोधत असतात.

सुती साडी पिळून तशीच गोळा करून ठेवली तर सुरकुत्यांसकट वाळते. झटकून, काठ ओढून दांडीवर टाकली तर बिनइस्त्रीची नेसता येते. कुत्र्याच्या केसाचंही तसंच आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाणी शिरलं की हे बंध सुटतात, पाणी गेलं की पुन्हा जुळतात, आणि जुळताना केस ज्या आकारात असेल तोच आकार पक्का होतो. आता पंख्याखाली बसलेला कॉकर काय करतो ते आठवा. अंग झाडतो, गोल फिरून बसतो, भिंतीला पाठ घासतो, मान वळवून शेपटीचं मूळ चाटतो. त्याच अवतारात वाळतो. शेपटीजवळ कुरळेपणा जास्त का, याचं उत्तरही त्यातच आलं.

पुण्यातल्या भावाच्या पाठीवर केस सपाट वाळावेत म्हणून आंघोळीनंतर टॉवेल बांधलेला तुम्ही पाहिला नाहीत, एवढंच. शिवाय पुण्याची हिवाळ्यातली हवा कोरडी. तिथे जे अर्ध्या तासात होतं त्याला आपल्याकडे दीड तास लागतो, आणि तो दीड तास कोणी देत नाही.

पण पुढे जाण्याआधी मलाच तुम्हाला एक विचारायचंय. याच्या पाठीवर कधी केस कापायचं मशीन फिरवलंय का? उन्हाळ्यात "गरम होतं बिचाऱ्याला" म्हणून कुठल्या पार्लरमध्ये, किंवा घरीच? खरं काय ते स्वतःशी तरी कबूल करा, कारण तसं असेल तर पुढचं सगळं निम्मंच लागू पडेल. कॉकरच्या पाठीवर दोन थर असतात. वरचा केस लांब, जाडसर, चमकदार. खालचा लोकरीसारखा मऊ आणि रंगाने फिका. मशीन दोन्ही एकाच उंचीवर कापतं. वरच्या केसाचं चमकणारं टोक जातं, लोकर मोकळी होऊन वर येते, आणि मग ती पाठ पिंजलेल्या कापसासारखी दिसते. अशी पाठ कुठल्याही आंघोळीने बसत नाही. सहा महिने ते वर्ष धरून चालायचं आणि रोज थोडी थोडी लोकर काढत राहायचं.

मशीन फिरवलं नसेल तरी चौदा महिने हे पिल्लाचे केस गळायचं वय आहे. मेलेला केस फिका आणि भुरभुरीत दिसतो. तो अंगठा आणि पहिल्या बोटात धरून वाढीच्या दिशेने ओढला की कुत्र्याला न कळता हातात येतो. ज्याला ओढ लागते तो जिवंत, त्याला सोडायचं. पकड बसत नसेल तर बँकेत नोटा मोजताना बोटाला घालतात ती रबरी टोपी घ्या. दहा रुपयांची वस्तू, पण माझ्या पेटीतली सगळ्यात जुनी. रोज संध्याकाळी दहा मिनिटं, खांद्यापासून शेपटीकडे. हे काम नेहमी कोरड्या, न धुतलेल्या केसांवर करायचं. धुतलेला केस बोटातून निसटतो.

आता आपल्या हवेबद्दल. पावसाळ्यात आपल्याकडे मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतात. का? हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. हीच गोष्ट तुमच्या कुत्र्याच्या पाठीवर होते. संध्याकाळी सागरेश्वरच्या किनाऱ्यावर तो धावून येतो, लाटेत शिरत नसला तरी वाऱ्याबरोबर उडालेले खारे तुषार अंगावर घेऊन येतो. ते मीठ केसाला धरून राहतं आणि रात्री दमट हवेत पाणी ओढत बसतं. केस स्वतःही काही कमी नाही. पूर्ण दमट हवेत तो आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी पितो. म्हणून कोकणात "वाळला" या शब्दावर मी विश्वास ठेवत नाही. वरचं टोक वाळलेलं असतं, मूळ ओलंच असतं, आणि तुम्ही फणी ठेवून चहाला गेलात की ते मूळ आपल्या मर्जीने वाळत लाट काढतं.

माझ्या पडवीत खिळ्याला एक डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा, टांगलाय. तीनचारशे रुपयांत मिळतो. ऑगस्टमध्ये तो नव्वदीखाली यायचं नाव घेत नाही. जानेवारीत मात्र गंमत असते. शाळेत शिकलो ते मतलई वारे आणि खारे वारे आठवतात? हिवाळ्यात रात्रभर आणि सकाळी वारा सह्याद्रीकडून समुद्राकडे वाहतो. ही जमिनीवरची, कोरडी हवा. पहाटे गारठ्यामुळे आर्द्रतेचा आकडा मोठा दिसतो, दवही पडतं. पण ऊन चढलं की तीच हवा तापून चांगली कोरडी होते. मग दुपारी वारा फिरतो, समुद्रावरून खारी हवा आत येते आणि काटा पुन्हा चढतो. त्यामुळे दहा ते साडेबारा-एक एवढीच आपली खिडकी. आंघोळ साडेनऊला सुरू करायची, म्हणजे वाळवण्याचं सगळं काम त्या खिडकीत बसतं. संध्याकाळी कामावरून येऊन आंघोळ घालणाऱ्यांना मी हात जोडते. ज्यांना सकाळ जमतच नाही त्यांनी एसी असलेल्या खोलीत वाळवावं. एसीवर थेंबाचं चित्र असतं तो ड्राय मोड लावला की खोलीतली हवा कोरडी होते. नुसता पंखा तीच दमट हवा फिरवत राहतो.

आंघोळीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती तुम्ही बरी घालत असणार. कोरड्यावरच पूर्ण विंचरून घ्यायचं, कारण गुंता भिजला की घट्ट बसतो. कानात कापसाचा बोळा, तोही नंतर आठवणीने काढायचा. कॉकरच्या लोंबत्या कानात आधीच हवा खेळत नाही, त्यात आपला दमटपणा, म्हणजे बुरशीला आमंत्रण. पाणी कोमट. शाम्पू थेट अंगावर ओतू नका. मगभर पाण्यात दोन-तीन चमचे फेसून ते पाणी ओता आणि तळव्याने केसांच्या दिशेने दाबत न्या, जसं रेशमी कापड धुतात तसं. गोल गोल चोळलंत की आंघोळीतच भोवरे तयार झाले. अंगाच्या साबणाची वडी नको. ती क्षारीय असते, केसावरचे खवले उघडतात, आणि उघड्या खवल्यांचा केस हाताला खरखरीत लागतो. माणसांचा शाम्पूही नको. कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते आणि तिचा सामू आपल्या कातडीइतका आम्ल नसतो, जवळपास उदासीन असतो.

पाण्याचं मात्र बघावं लागेल. किनाऱ्यालगतच्या विहिरी फेब्रुवारी-मार्चपासून मचूळ व्हायला लागतात. चहा किंचित खारट लागतो, डाळ शिजायला वेळ घेते, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच पाण्याने कुत्रा धुतला तर धुऊन पुन्हा मीठच चढवलं, हे लक्षात येत नाही. जानेवारीत तुमची विहीर गोडी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर शेवटच्या दोन बादल्या नळाच्या किंवा वरच्या वाडीतल्या विहिरीच्या ठेवा. उलट जांभ्यातलं गोडं पाणी मऊ असतं, त्यात फेस लवकर धुऊन निघत नाही. बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुवा, मग आणखी एक बादली. कुत्र्यांचाच कंडिशनर घ्या. तो फक्त कानांना, पायांच्या आणि पोटाच्या झालरीला, म्हणजे तिथल्या लोंबत्या केसांना. पाठीला लावलात तर केस मऊ होऊन उलट तरंगतात. पाठीला थोडं वजन हवं, आणि ते वजन कातडीचं स्वतःचं तेल देतं.

एका गिऱ्हाईकाने चमक यावी म्हणून शेवटच्या पाण्यात कोकमाचं आगळ घातलं होतं. आंबट पाण्याने खवले मिटतात हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं. तत्त्व चूक नव्हतं, पण कुत्रा पांढरा-केशरी होता. पुढचे तीन आठवडे तो पांढरा राहिला नाही.

आता वाळवणं. इथे मी वेळ घेणार आहे, तुम्हीही घ्या.

नळ बंद केल्यावर आधी हाताने पाणी निपटायचं, पाठीवरून शेपटीकडे, पायांवरून खाली. मग टॉवेल नुसता दाबायचा. टॉवेल घासणं ही आपली सवय आहे, डोकं पुसताना आपण तेच करतो, आणि कॉकरची पाठ तिथेच उलटीपालटी होते. दाबा, उचला, पुढे सरका. दोन टॉवेल ओले होतील. त्याला एकदा अंग झाडू द्या. त्याचं ते एक झटकणं तुमच्या पाच मिनिटांच्या पुसण्याएवढं काम करतं.

मग त्याला टेबलावर घ्या. टेबल नसेल तर जुन्या पाटावर रबराची चटई टाका, पाय घसरले की कुत्रा कधीच स्थिर उभा राहत नाही. बारीक दातांची स्टीलची फणी घ्या आणि डोक्यामागून शेपटीपर्यंत पाठ विंचरून सपाट करा. भांग पाडल्यासारखी ओळ न् ओळ खाली बसली पाहिजे. या क्षणी पाठ ओली, काळपट आणि एकदम गुळगुळीत दिसेल. हाच तो आकार. आता तो वाळेपर्यंत हलू द्यायचा नाही.

त्यासाठी पंचा. बाहेरची पुस्तकं जाड टर्किश टॉवेल सांगतात. तो आपल्या हवेत स्वतःच वाळत नाही, कुत्र्याला काय वाळवणार? मी सुरुवातीची दोन वर्षं टॉवेलच बांधायचे आणि तासाभराने पाठ वाफाळलेली निघायची. मग एकदा टॉवेल सगळे दोरीवर होते, म्हणून सासऱ्यांचा पंचा उचलला. पातळ सुती, दोनचार वर्षं धुऊन मऊ झालेला, हवा आरपार जाणारा. तेव्हापासून तोच. नवा कोरा घेऊ नका, त्यातली खळ पाणी शोषू देत नाही.

पंच्याची एक कड मानेमागे, कानांच्या मुळाखाली ठेवायची. तिथून तो शेपटीकडे ओढत न्यायचा, पाठीला चिकटून, खाली एकही सुरकुती न ठेवता. पंच्याखाली सुरकुती राहिली तर केसांवर तिचा ठसा उमटतो, अगदी उशीच्या अभ्र्याचा गालावर उमटतो तसा. मग तीन ठिकाणी पिना: गळ्याखाली, पोटाखाली, शेपटीच्या मुळाखाली. पिना बाळाच्या लंगोटाला लावतात त्या टोपीवाल्या. टोचताना स्वतःचं बोट आत ठेवा, म्हणजे टोचलं तर तुम्हाला टोचेल. गळ्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. पिना लावून झाल्या की पंच्यावरूनच तळहात एकदा मानेपासून शेपटीपर्यंत घट्ट फिरवा. आत कुठे केस उलटा गेला असेल तर हाताला गाठीसारखा लागतो.

पाठ अशी बांधून ठेवली की मोकळ्या भागांकडे वळायचं. छाती, पायांची झालर, कान. ड्रायर कोमट. स्वतःच्या मनगटावर धरून बघा, तुम्हाला सहन होत नसेल तर त्यालाही होत नाही. मागून ब्रश, पुढून वारा, एकावेळी चार बोटं रुंदीचा पट्टा. तो मुळापर्यंत वाळल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. ब्लोअर, म्हणजे तो जोरात फुंकणारा, पाणी उडवायला उत्तम. पण पाठीवर तो धरू नका, तो केस चारी दिशांना उधळतो. यात पाऊण तास जातो, आणि तेवढ्यात पंचा ओला होतो. मग तो सोडायचा, पाठ पुन्हा विंचरायची, दुसरा कोरडा पंचा बांधायचा. हा दुसरा पंचा कोणी बांधत नाही, पण पाठ बसते ती यानेच.

आणखी अर्ध्या तासाने तोही काढा. आता ड्रायर कमीत कमी उष्णतेवर, डोक्याच्या बाजूने शेपटीकडे, वारा कायम केसांच्या दिशेने, मागोमाग ब्रिसल ब्रश. शेवटची पाच मिनिटं गार वारा. उष्ण केस लवचीक असतो, गार झाला की आकार धरतो. बायका सेटिंग करताना शेवटी गार वारा का मारतात, तेच कारण.

वाळला की नाही हे तळहाताला कळत नाही, तळहात राकट असतो. हाताची पाठ लावा, किंवा लाज वाटत नसेल तर ओठ. ओला केस गार लागतो. शेपटीचं मूळ, काखा, कानामागचा खळगा आणि छातीच्या मधली रेष, या चार जागा तपासा. मग दहा मिनिटं त्याला उभं राहू द्या आणि पुन्हा बघा. कुठे वळण उठलं तर तिथलं मूळ ओलं होतं. तेवढ्याच जागी पाण्याचा हलका हात फिरवून, विंचरून, पुन्हा वाळवा. नुसत्या कोरड्या फणीने कितीही दाबलंत तरी वाळून पक्कं झालेलं वळण जात नाही.

एक इशारा, आणि तो माझ्या चुकीतून आलाय. पंधराएक वर्षांपूर्वी एका काळ्या कॉकरला शोच्या चार दिवस आधी आंघोळ घातली, टॉवेल बांधला आणि लाइट गेली. इन्व्हर्टर नव्हता. रात्र झाली होती, मी दमले होते, म्हटलं राहू दे बांधलेला, सकाळपर्यंत वाळेल. सकाळी कानामागे एक रुपयाएवढा चट्टा, ओलसर, चिकट, वरचे केस एकमेकांना डकलेले, आणि कुत्रा हात लावू देईना. ओल्या केसांखाली कातडी तासन्‌तास उबली की जंतू वाढतात आणि असा चट्टा बघता बघता पसरतो. डॉक्टरांनी आजूबाजूचे केस भादरले. शो गेला, सीझनही गेला. मालकीणबाई मला काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून नियम असा, की पंचा एक तासाच्या वर एका जागी नाही, आणि झोपताना अंगावर ओलं काही नाही. कुत्रा असा तासभर गुंडाळलेला असताना खोली बंद करून निघूनही जाऊ नका. कुत्रा धापा टाकून गार होतो, दमट हवेत धापा टाकण्याचा उपयोग कमी होतो. जीभ लांब बाहेर आली, लाळ घट्ट झाली, की सगळं सोडायचं आणि त्याला हवेशीर ठिकाणी न्यायचं. केस नंतर.

खोबरेलाबद्दल विचारलंत नाही, पण लावलंय म्हणालात, म्हणून सांगते. आपल्या घरात खोबरेल बारा महिने पातळ असतं, त्यामुळे आपल्याला ते घट्ट होतं हे आठवतच नाही. २४ अंशांच्या खाली ते गोठतं. मी नवशिकी असताना एका सोनेरी कॉकरला हातावर दोन थेंब चोळून चमक आणली आणि आंबा घाट चढून कोल्हापूरला नेला. रत्नागिरीत पाठ साटनसारखी दिसत होती. पहाटे मैदानावर दात वाजत होते, आणि त्याच्या पाठीवर केसांच्या बारीक बारीक काड्या झालेल्या, वर पांढुरका थर. जज बाईंनी पाठीवरून हात फिरवला, बोटं एकमेकांवर घासून पाहिली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. जजचा हात हा त्याचा डोळाच असतो. केसांचा पोत किंवा रंग बदलणारं काहीही शोच्या मैदानावर लावायला एफसीआयच्या, म्हणजे श्वानसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नियमांत मनाई आहे. तिथे विंचरणं, ब्रश करणं आणि कातरकाम एवढंच चालतं. सीरम नको म्हटलं त्याचं अर्धं कारण हेच.

कधी आंघोळ घालायची? रविवारचा शो धरला तर गुरुवारी सकाळी. कातडीचं तेल केसात उतरायला दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढ्यात पाठ आपली आपण बसते. शनिवारी फक्त पाय, दाढी आणि झालर धुवायची. पाठीला नुसता ओला, घट्ट पिळलेला कपडा. गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध असेल तर ते आंघोळीच्या आधी-नंतर दोन दोन दिवस सोडून. आणि ते शोच्या आठवड्यात टाकूच नका, मानेवर तेलकट डाग राहतो. गुरुवार ते रविवार समुद्रावर फिरायला न्यायचं नाही. तो रडेल, तुम्हीही रडाल, पण नाही.

मग घाट. याचा विचार किनाऱ्यावरची माणसं करत नाहीत. घरी शत्रू दमटपणा असतो, आंबोली चढून आजरा-गडहिंग्लज मागे टाकलंत की जानेवारीच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की केसात वीज भरते. झालर पायांना चिकटते, पाठीवरचे केस एकेक करून उभे राहतात, आणि तुम्ही घाबरून ब्रश करत सुटता, तसे ते आणखी उठतात. तिथे नायलॉनचा ब्रश आणि पॉलिस्टरचं जॅकेट गाडीतच ठेवा. सुती पंचा, धातूची फणी, आणि तळहाताला पाण्याचा नुसता ओलसर स्पर्श करून पाठीवरून एक हात. रिंगमध्ये जाण्याच्या वीस मिनिटं आधी विंचरा, पंचा बांधून त्याला सावलीत उभं करा, आणि नाव पुकारलं की सोडा. शक्य असेल तर आदल्या दुपारीच पोचा. केसांनाही तिथल्या हवेची सवय व्हायला रात्र लागते.

खाण्याचं एका ओळीत: आठवड्यातून दोनतीनदा बिनमिठाचा उकडलेला बांगडा किंवा तारली, काटे काढून. त्याने केसाला जी चमक येते ती दोन महिन्यांनी दिसते, दोन दिवसांत नाही. खारवलेली, सुकी मासळी अजिबात नको.

तुम्ही शेवटी लिहिलंय की काकांच्या लॅब्रॅडोरलाही कंबरेवर लाट येते, त्यालाही हेच करायचं का? त्याला पंचा बांधायची गरज नाही. लॅब्रॅडोरचा केस आखूड, दाट, हाताला जरा राकटच हवा. त्याला शोच्या आठवडाभर आधी धुवा, ड्रायरने फुलवू नका, केसांच्या दिशेने पुसून सोडून द्या. मऊ करायच्या नादात लोक त्याचा पोतच घालवतात. कॉकरच्या मानकात, म्हणजे ती जात कशी दिसावी हे ठरवणाऱ्या वर्णनात, मात्र केस सपाट आणि रेशमी सांगितलाय, कुरळा तर नाहीच. तेव्हा तुमची काळजी रास्त आहे.

आता कामाला लागा. शोला अवकाश आहे, तेवढ्यात दोन रंगीत तालमी होतील. पहिली येत्या रविवारी, साडेनऊला पाणी अंगावर, घरात पंचे किती आहेत ते आदल्या रात्रीच बघून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीचा फोटो पाठवा. वरून काढू नका, वरून सगळ्यांच्याच पाठी सपाट दिसतात. अंगणात तिरपं ऊन असताना, बाजूने, कुत्र्याच्या उंचीला बसून काढा. आणि मशीनबद्दल विचारलंय त्याचं उत्तर त्याच्यासोबतच लिहा.